चौसष्ट अँटेना आणि वैजनाथ

२३ जून, सोमवार

सकाळी दहाला आकांक्षाचा फोन. नांदेडहून. "ताई, रागावू नका, पण एक विचारू का?" पोरीनं अशी सुरुवात केली की समजावं, हिच्या हाती काहीतरी लागलंय. आमच्या लॅबमधली, माझ्यापेक्षा दोन वर्षं मागची. मी इथून पाठवलेला डेटा तपासायचं काम आमच्या गाइड सरांनी तिच्याकडे दिलंय.

दिवस ४१, ४२ आणि ४३. हाताने घेतलेली रीडिंग तिन्ही दिवस एकसारखी. जवळपास एकसारखी नव्हे — दशांशापर्यंत तीच. चौसष्टच्या चौसष्ट. आणि दिवस ४० शी जुळवली तर तीसुद्धा तीच.

"असं होतं का ताई?"

होत नाही. सकाळी एका अँटेनाचं रीडिंग घ्या, चहा पिऊन या, परत घ्या — शेवटचा आकडा हललेला असतो. चार दिवस चौसष्ट आकडे जसेच्या तसे म्हणजे कुणीतरी खाली बसून आदल्या पानावरून उतरवून काढले.

आणि 'कुणीतरी' असं लिहून मी कुणाला फसवतेय? नोंदवही एकच माणूस लिहितो. माझा नवरा.

२४ जून

अजून विचारलं नाही. जेवताना दोनदा तोंडाशी आलं. तो भाकरी मोडत सांगत होता की सदतीस नंबरच्या केबलचं टोक ढिलं झालं होतं, त्यानं ते कसं ओळखलं. एवढं बारीक लक्ष असणारा माणूस!

माझ्याच डोक्यात नीट राहावं म्हणून एकदा लिहून काढते. आमच्या घराच्या स्लॅबवर एक पॅनल उभं आहे, दाराच्या फळीएवढं. त्यात चौसष्ट अँटेना. मागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची कार्डं. गावातल्या आठ घरांत आठ डबे ठेवलेत, मोबाईलच्या जागी. चौसष्ट अँटेनांनी एकाच डब्याकडे नेम धरून बोलायचं. पण प्रत्येकीच्या लाटेची वेळ दुसरीशी जुळली पाहिजे. त्या वेळेला आम्ही फेज म्हणतो. ती अंशांत मोजतात. पुस्तकात ती जुळलेलीच असते. खऱ्या जगात कार्डं तापतात, केबल वाकतात, प्रत्येक अँटेना थोडी पुढे-मागे सरकते आणि नेम चुकतो. किती चुकतो, का चुकतो — हा माझा प्रबंध. पाच वर्षं झाली.

लग्नानंतर पहिल्यांदा वैजनाथला हे सांगितलं तेव्हा तो हसला होता. "म्हंजे भावसिंगची जीप. धा जन ढकलून राहिलेत, पन एकाच दमात ढकललं तर हालन. एकानं आत्ता, एकानं मंग, तर बसली जागच्या जागी." सरांना सांगितलं तर सर म्हणाले, हे मी वर्गात वापरणार. त्याला ते कळवलं तेव्हा दोन दिवस जमिनीवर पाय नव्हते त्याचे.

तो आयटीआय, वायरमन. इथंच, हिंगोलीकडच्या गोरेगावात, मोटार रिवाइंडिंगचं दुकान. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणते, वहीत 'तो'. वहीत मोकळं वाटतं.

एप्रिलपासून रोज सकाळी सहाला आणि दुपारी दोनला तो वर जातो. चौसष्ट टोकांना एकेक करून मीटर लावतो. सव्वा तास लागतो. नोंदवहीत तारीख लिहायची नाही, फक्त दिवसाचा क्रमांक — ही सरांची शिस्त. तारीख दिसली की माणूस आकडे मनानेच ठरवतो, काल गरम होतं म्हणून आज असं असणार. क्रमांकाला सण नाही, वार नाही. नव्वद दिवसांची सलग माळ. एक दिवस तुटला तर पहिल्यापासून, असं मीच त्याला सांगितलं होतं. चांगलं दरडावून सांगितलं होतं.

२५ जून

विचारलं.

पावणेचारला तो शिडीवरून उतरला, वही काखेत. मी खालीच उभी. पान उघडून समोर धरलं. म्हटलं, हे तीन दिवस बघा. बघितलं त्यानं. चेहऱ्यात काही फरक नाही.

"व्हय. मीच लिहिलं."

"वर गेला नव्हतात?"

"न्हाई."

"तीन दिवस?"

"व्हय."

"मग कुठे होतात तुम्ही?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. आत्याबाई — माझ्या सासूबाई — अंगणात तुरीच्या डाळीतले खडे वेचत होत्या, त्यांचा हात थांबला. मी परत म्हटलं, सांगा ना, कुठे होतात? त्यानं वही माझ्या हातात दिली आणि हौदावर हात धुवायला गेला.

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. अंगात ताप होता, दुकानात अडकलो होतो, काहीही. त्याचं ते गप्प राहणं माझ्या डोक्यात गेलं. तशीच आत आले आणि सरांना इंग्रजीत मेल लिहिला. 'दिवस ४१ ते ४३ च्या नोंदी स्थानिक सहाय्यकाने बनावट केल्या आहेत. त्याने तसं कबूल केलं आहे. छापायला जाणाऱ्या लेखातून त्याचं नाव वगळावं.'

पाठवून टाकला.

२६ जून

लॅपटॉप उघडाच राहिला होता. त्यानं वाचलं. इंग्रजी त्याला बोलता येत नाही, वाचता चांगलं येतं, मोटारींची पत्रकं वाचून शिकलाय.

भांडला नाही. पिशवीत दोन शर्ट, पँट, टेस्टर, पक्कड. आईच्या पाया पडला. मला म्हणाला, "डोंगरकड्याला चाललो. अजीजकडं काम हाय." अजीज त्याचा आयटीआयचा दोस्त, कळमनुरीकडच्या त्या गावात मोटारींचंच दुकान चालवतो. मी विचारलं, किती दिवस? तर म्हणे, "बघू."

भावसिंगच्या जीपमध्ये बसताना त्यानं मागे वळून बघितलं नाही. मी मात्र खिडकीतून जीप वळेपर्यंत बघत होते. रागात होते तरी बघत होते, हेही लिहून ठेवते.

२७ जून

आज दिवस ८०. शिडी चढू नको असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, तीन महिने. चढले. दुसरं कोण आहे?

पाच महिन्यांनी वर आले. सगळं झाडून-पुसून. केबलींवर नंबराच्या चिठ्ठ्या, त्याच्या बारीक अक्षरात. शेडमध्ये एक स्टूल, एक रिकामी बादली. एवढंच. पावसानं दडी मारलीय, दुपारी पत्रा असा तापला की हात लावला तर चटका बसतो. चौसष्ट टोकं करायला मला अडीच तास लागले. दोनदा बसावं लागलं.

२९ जून, रविवार

दुपारची रीडिंग सकाळपेक्षा वीस-बावीस अंशांनी सरकलेली! तीन दिवस हेच. त्याच्या वहीत हा फरक कधीच चार-पाच अंशांच्या वर नाही. एप्रिलमध्ये नाही, मेमध्ये नाही — मे महिन्यात, आमच्याकडच्या मे महिन्यात!

म्हणजे तीनच दिवस नाही. सगळेच.

एवढं वाईट मला परवासुद्धा वाटलं नव्हतं. परवा राग होता. आज रागसुद्धा येत नाही. हा माणूस रोज सकाळी सहाला शिडी चढत होता, मी खालून पावलं ऐकत होते. वर जाऊन काय करत होता मग? बसून आकडे बनवत होता? माझ्यासाठी?

१ जुलै

सरांचा मेल. त्यांनाही तेच खटकलंय. आपल्या लॅबमधल्या भट्टीत हीच कार्डं पंचवीस अंशांपर्यंत सरकतात, मग तुमच्या छतावर चार कशी? तीन दिवस खोटे निघाले म्हणजे उरलेल्यांवरही विश्वास ठेवता येत नाही. सगळी मालिका बाद धरू.

पाच वर्षं.

डब्यांचंही तसंच. आठही घरांत डेटाचा वेग निम्म्याच्या खाली आलाय. पॅनल एकीकडे बोलतंय आणि डबा दुसरीकडे बसलाय. फेज सरकली की हेच होणार, माझ्याच समीकरणात लिहिलंय. समीकरण बरोबर निघालं याचा आनंद कुठे करायचा?

२ जुलै

आत्याबाई माझ्याशी कामापुरतंच बोलतात. भाकरी झाली का. दळण आणायचंय. मी पण तशीच. दोन बाया आणि मध्ये एक रिकामा पाट.

३ जुलै

या वहीत एप्रिलनंतर एकदम जून आहे. आज मागे चाळताना मधली कोरी पानं लागली. एकदाच लिहिते आणि मिटवते. मे महिन्यात आमचं लेकरू गेलं. पाचवा महिना होता. हिंगोलीच्या दवाखान्यात होते, अंगात ताप भरलेला, मला त्यातलं धड आठवतही नाही. मग आईकडे कळमनुरीला राहिले. आठ जूनला इथं परत आले तेव्हा उंबऱ्यातच सगळ्यांना सांगितलं, या घरात त्या दिवसांचं नाव कुणी काढायचं नाही. वैजनाथला तर शपथच घातली. माझ्या डोक्यावर हात ठेवून घ्यायला लावली.

त्यानंतर तो वही घेऊन आला होता. मी पानं उलटली, एकही दिवस रिकामा नाही. म्हटलं, बरं झालं. एवढंच म्हटलं. तो तसाच उभा होता थोडा वेळ, काही बोलायचं असल्यासारखा. मग दुकानात गेला.

पुरे.

६ जुलै, रविवार

आज काहीतरी झालं, आणि मला नीट लिहिता यायला हवं.

दुपारची रीडिंग घेऊन उतरले तर घामानं थबथबले होते, डोळ्यांपुढे काजवे. आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या दिला. दिला तो दिला, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा चार वाक्यं बोलल्या.

"वर बारदान टाकत न्हाईस का गं तू?"

कसलं बारदान?

"आता! त्या तुझ्या कार्डाच्या पेट्यायवर. वैजू टाकायचा की. वल्लं करून. सकाळी चार बादल्या पानी वर न्यायचा, दुपारी चार. म्या म्हनलं, काहून एवढा जीव काढून राहिला, तर म्हने, माठाला वल्लं फडकं गुंडाळलं की पानी गार ऱ्हातंय, तसं ह्यायला बी ऱ्हाईल. तिची कार्डं तापून राहिलीत म्हने, तिला तकलीफ होऊन राहिली."

मी विचारलं, मग आता वर का नाहीत ती?

"जाताना काढून ठेवली त्यानं. घडी करून. म्हने, हे बी लबाडीत धरतील."

गोठ्याच्या माळ्यावर होती. चौदा बारदानं, तागाची, सोयाबीनच्या पोत्यांची. कापून, कार्डाच्या पेट्यांच्या मापाची शिवलेली. कोपऱ्याला नाड्या. प्रत्येकीवर नंबर घातलेला, त्याच बारीक अक्षरात.

मला सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं हे मला माहीत आहे. म्हटलं असतं, असलं काही करायचं नाही, प्रयोगात असं चालत नाही. त्यालाही ते माहीत होतं.

७ जुलै

आज दिवस ९०. शेवटचा. सकाळी आठ बादल्या मी एकटीनं वर नेल्या, अर्ध्या-अर्ध्या भरून. बारदानं भिजवून त्याच्या नाड्यांनी बांधली. दुपारी दोनला परत भिजवली.

फरक चार पूर्णांक सहा.

मी रीडिंग परत घेतली. चार पूर्णांक सात. एका केबलला परत, दुसऱ्या केबलला परत. त्याच्या वहीतलं दिवस ५८ चं पान शेजारी ठेवलं. माझं आजचं पान आणि त्याचं ते पान, भावंडांसारखी.

त्यानं काहीही बनवलं नव्हतं. कडक उन्हात, बत्तीस लाकडी पायऱ्यांची शिडी, हातात बादली. रोज दोनदा. माझा सगळा अभ्यास यंत्रातल्या खोटीवर, खोट धरूनच हिशोब कसा मांडायचा यावर, आणि नवऱ्यात एक खोट सापडली तर मी सगळा नवराच बाद धरला. स्टुलावर बसून रडले. खाली आवाज जाऊ नये म्हणून ओलं बारदान तोंडाशी धरलं, त्याला सोयाबीनचा वास होता.

८ जुलै

सरांना सगळं लिहिलं. बारदानांचे फोटो पाठवले, दोन्ही दिवसांचे आलेख पाठवले. सरांचा फोन आला, आवाज वेगळाच. म्हणाले, हे तर फार महत्त्वाचं आहे, प्रतिक्षा, हे स्वतंत्र प्रकरण होईल. इतक्या साध्या उपायानं इतका फरक कुणी दाखवलेला नाही. मग म्हणाले, पण ते तीन दिवस? त्यांचा खुलासा लेखी लागेल. सहाय्यकाच्या सहीनं. तो मिळाला तर त्यांचं नावही परत घालू.

त्यांचं. सर आज त्याला पहिल्यांदा 'त्यांचं' म्हणाले.

१० जुलै

त्याला तीन वेळा फोन. उचलला नाही. आत्याबाईंचा उचलतो. आत्याबाई ओट्यावर बसून बोलतात, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. "जेवलास का? केळी खात जा, तिथं लई केळी." माझ्याबद्दल तो काही विचारतो का, हे मी विचारत नाही.

१३ जुलै, रविवार

डोंगरकड्याला जाऊन आले.

रस्त्यानं दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा. पर्समध्ये कागद, वर मथळा छापलेला — 'खुलासा'. आता लिहिताना लाज वाटतेय. नवऱ्याला आणायला निघालेली बाई बरोबर खुलाशाचा कागद घेऊन जाते का? मी गेले.

दुकान बसस्टँडजवळ. तो जमिनीवर बसून एका मोटारीत तांब्याची तार भरत होता. वेढे मोजत होता, म्हणून मी थांबले. मध्येच बोललं तर मोजणी चुकते. वेढा संपला तसं त्यानं वर बघितलं. दाढी वाढलीय. बारीक झालाय.

अजीजभाईंनी खुर्ची पुसून दिली, "बैठो भाभी, चाय बोलतो" म्हणाले आणि मुद्दाम बाहेर गेले.

मी म्हटलं, मला बारदानं सापडली. म्हटलं, माझं चुकलं. सगळे आकडे खरे होते, मी स्वतः करून बघितलं. तो ऐकत होता. तारेचं टोक बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"माझे शहात्तर दिस खरे व्हते," तो म्हणाला. "तीन खोटेच व्हते."

मग मी ते केलं. कागद काढला. म्हटलं, सरांना त्या तीन दिवसांचं कारण हवंय, तेवढं लिहून दिलं की तुमचं नाव परत लागतंय. आणि परत विचारलं, कुठे होतात हो तुम्ही? मला तरी सांगा. मी रागावणार नाही.

त्यानं तसंच बघितलं, त्या दिवशी बघितलं होतं तसंच. डोळे भरले त्याचे. मला वाटलं आता सांगेल. त्यानं कागद घेतला, मांडीवर ठेवून लिहिलं — 'मी तीन दिवस वर गेलो नाही. आदल्या दिवसाचे आकडे उतरवले. चूक माझी आहे.' खाली पूर्ण सही.

"कारण?"

"तुझं अजून काही वाया जाऊ नये म्हनून लिहिलं. बाकी इचारू नको, प्रतिक्षा."

म्हटलं, घरी चला.

"कोनत्या तोंडानं येऊ? गावात समद्यायला सांगितलं व्हतं, माझं नाव छापून येनार हाय." मग खाली बघून म्हणाला, "तू शंका घेतली त्याचं एवढं न्हाई वाटलं. तुझं कामच हाय ते. पन मला इचारल्यावर घडीभर थांबायचं व्हतं. तू तर लगेच सायबाला कळवलं. हात धुवून येईस्तोर."

चहा आला, दोघांनीही प्यायला नाही. निघताना मात्र माझ्यातली ती संशयी बाई परत जागी झाली. म्हटलं, सांगण्यासारखं नसेल म्हणूनच सांगत नाही ना तुम्ही! त्यानं पुढची मोटार ओढून घेतली.

अजीजभाई जीपपर्यंत आले. "भाभी, तुम्ही त्याला लई छेडू नका. मी बी विचारलं. मरंल पन बोलनार न्हाई तो. कसम हाय म्हनतो."

कसली कसम? कुणाची? जीपमध्ये सगळ्या वाटेनं एकच विचार — हिंगोलीत, सेनगावात, कुठे आहे ती? कोण आहे ती? तीन दिवस जिच्याकडे होता ती. लिहिलं एकदाचं. असं वाटलं, खरंच वाटलं.

१४ जुलै

आत्याबाईंनी विचारलं, काय म्हनला वैजू? म्हटलं, तुमच्या लेकालाच विचारा.

२० जुलै

काही नाही.

२७ जुलै, रविवार

अजीजभाईंचा फोन. वैजनाथ काल हैदराबादला गेला, त्यांच्या चुलतभावाबरोबर. कारखान्यातल्या मोठ्या मोटारींचं काम आहे, तिथंच राहायची सोय. नवीन नंबर? "भाभी, त्यानं देऊ नको म्हनलंय. माफ करा."

आत्याबाईंना सांगितलं. त्या उठल्या, त्याचं ताट फडताळातून काढलं, पुसलं, आणि परत तिथंच ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "तुज्यासारकीच हट्टी सून पायजे व्हती मला, म्हनून केली. आता कुनाला बोलू?"

दुकानाचं शटर बंद आहे. लोक मोटारी घेऊन येतात, दारात उभे राहतात, परत जातात. मला विचारतात, दादा कवा येनार? मी म्हणते, येतील. माझं त्याच्यावर प्रेम आहे हे मला आज, छत्तिसाव्या वर्षी, एका बंद शटरसमोर उभं राहून कळतंय. लग्नात कळलं नव्हतं. सोयीचा, समजूतदार माणूस मिळाला, असं वाटलं होतं तेव्हा.

२ ऑगस्ट

प्रबंधाचं तिसरं प्रकरण पूर्ण. त्याला नाव दिलंय, 'ओल्या तागाच्या आवरणाने तापमानजन्य फेज-विचलनाचे नियंत्रण'. आभारात त्याचं नाव पहिलं लिहिलं. सरांनी लेखातही परत घातलं, तीन दिवस वगळून. छापून येईल. तो कुठे वाचणार?

सरांचं एक काम राहिलंय. हवामान खात्याचं रोजचं तापमान शेजारी जोडायचं म्हणजे आता दिवसांच्या क्रमांकांपुढे तारखा टाकाव्या लागतील. नव्वद ओळी. उद्या-परवा बसते.

४ ऑगस्ट, सोमवार

तारखा टाकायला बसले. दिवस १ — ९ एप्रिल. खाली ओढत गेले.

दिवस ४१ — १९ मे. दिवस ४२ — २० मे. दिवस ४३ — २१ मे.

हिंगोलीच्या दवाखान्याचं कार्ड काढून बघितलं. दाखल १९ मे, पहाटे. सुट्टी २१ मे, संध्याकाळी.

आत्याबाईंना विचारलं. "तीन दिस घरी आलाच न्हाई तो," त्या म्हणाल्या. "म्या भावसिंगच्या जीपमधी डबा पाठवायचे. तुज्या खाटेजवळून उठतच नव्हता म्हने. पोरी, तूच म्हनली व्हतीस नाव काढू नका."

कुठे होतात, असं मी त्याला दोनदा विचारलं. तो माझ्याजवळ होता. सांगायचं नाही अशी शपथ मी घातली होती, आणि त्यानं ती पाळली.